दुपट्ट्याखालचा सौदा: कापसाचा कार्बन मोजायचा, पण कास्तकाराचं घर उघडं न करता

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला दिसेल. तुम्ही राळेगाव तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक. सभासद ३१२, जवळजवळ सगळे कोरडवाहू कपाशीवाले. एका तंत्रज्ञान कंपनीनं प्रस्ताव दिलाय की प्रत्येकानं ॲपमध्ये वावराचा नकाशा, खताची पोती, डिझेल, वेचलेला कापूस आणि घरातला साठा भरायचा. हे सगळं ब्लॉकचेनवर, म्हणजे बऱ्याच जणांकडे प्रती असलेल्या संगणकी वहीवर जाणार, ज्याचं उत्सर्जन कमी त्याला टोकन, म्हणजे एक प्रकारचं डिजिटल नाणं मिळणार आणि त्या टोकनचे पैसे परदेशी कपडा ब्रँड देणार. सभेत एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "म्हणजे माह्या घरात काय हाय ते आपल्या अडत्यालेबी दिसन का?" आणि तिथंच सभा अडली. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: बक्षीस आणि गुप्तता एकत्र जमतात का, त्यासाठी ब्लॉकचेन लागतेच का, आणि ती स्वतःच इतकी वीज खाते म्हणतात ते खरं का.

जमतं. पण कंपनीनं मांडलंय तसं नाही. त्या प्रस्तावावर आज सही करू नका, आणि तो फाडूनही टाकू नका.

मी हिंगणघाटचा. आधी अकरा वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात त्या कारखान्यात, काटा, ग्रेडिंग आणि गाठींचा हिशेब पाहिला, नंतर कापसाचा माग ठेवण्याच्या प्रकल्पांत पडलो. मी प्रोग्रामर नाही. प्रोग्रामर लोकांनी केलेली वस्तू वावरात कुठं अडते हे पाहण्यात माझी वर्षं गेली. त्यामुळं पुढं सांगतो त्यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच धरा: जिनिंग तुमची स्वतःची आहे की भाड्यानं दुसऱ्याकडून करून घेता, खरेदीदार एक आहे की चार, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सभासदांचा तुमच्या कार्यालयातल्या माणसावर किती भरवसा आहे.

आधी ब्रँड पैसे का देतो ते पाहू. त्याच्या स्वतःच्या कचेरीतला नि दुकानातला धूर थोडा असतो, बहुतेक भार मालाच्या साखळीत, म्हणजे वावर, जिनिंग, सूतगिरणी, रंगाई यांत असतो. त्या हिशेबाला 'स्कोप ३' म्हणतात आणि त्याचं जागतिक मानक २०११ पासून आहे. ब्रँडनं 'आम्ही उत्सर्जन इतकं कमी करू' असं जाहीर केलेलं असतं, आणि ते करायचं तर तुमच्या वावरापर्यंत यावंच लागतं. तेव्हा तो तुमच्यावर उपकार करत नाहीये. त्याला तुमच्याकडून एक आकडा विकत हवा आहे, आणि तो आकडा किती बारीक द्यायचा हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

आता तो आकडा येतो कुठून? लोकांना वाटतं ट्रकमधून. मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. समजा १०० गाठी भरलेला ट्रक इथून कोइंबतूरकडे निघाला, साडेबाराशे किलोमीटर धरा, लिटरला चार किलोमीटर. डिझेल लागलं ३१२ लिटर. एका लिटरमागे साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण ८३७ किलो, म्हणजे गाठीमागे साडेआठ किलो. ट्रक रिकामा परत आला तरी सतरा.

आता युरियाचं पोतं घ्या. ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. जमिनीत पडलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञ समिती, तिचा जुना ढोबळ गुणक एक टक्क्याचा आहे, त्यानं हे ८९ किलो होतं. युरिया विरघळताना त्यातला कार्बन सुटतो तो आणखी ३३ किलो. म्हणजे एका पोत्यामागे सुमारे १२२ किलो, कारखान्यात तयार होतानाचं वेगळंच. एकरी पाच क्विंटल कापूस आणि ३४ टक्के रुई धरली तर एकराला एक गाठ निघते, १७० किलोची. एकराला दोन पोती टाकली तर त्या गाठीवर जवळपास २४५ किलो चढले. (यातला काही भार सरकीच्या वाट्यालाही जातो, तो हिशेब वेगळा.) कुठं साडेआठ, कुठं २४५.

इथं एक खाचखळगा आहे, तो कंपनीचे लोक सांगणार नाहीत. आयपीसीसीनं २०१९ मध्ये हा गुणक सुधारला. उष्ण कटिबंधात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं रासायनिक खताला १.६ टक्के, खाली असेल तिथं अर्धा टक्का. ही रेषा विदर्भाच्या मधूनच जाते. बुलडाण्याकडे पाऊस तिच्या बराच खाली, गडचिरोलीत बराच वर. तेच युरियाचं पोतं एका गुणकानं ७७ किलो, दुसऱ्यानं १७५. तुमच्या सभासदानं काहीही न करता त्याचं उत्सर्जन दुपटीहून जास्त किंवा निम्म्याहून कमी दाखवता येतं. तेव्हा कोणता गुणक लावणार आणि तो हंगामाच्या मधे बदलणार नाही, हे करारात पहिल्या पानावर लिहून घ्या.

आता गुप्ततेकडे येतो, कारण तुमची सभा तिथं अडली आणि बरोबर अडली.

शहरातल्या माणसाला गुप्तता म्हटलं की आधार क्रमांक आठवतो. कास्तकाराची गुपितं वेगळी असतात. घरातल्या खोलीत किती कापूस भरून ठेवलाय, हे पहिलं. भाव वाढेल म्हणून थांबलेल्या माणसाचा तेवढाच जोर असतो, तो अडत्याला कळला की गेला. दुसरं, बियाणं. चोर बीटी, म्हणजे तणनाशक सोसणारं विनापरवाना बियाणं, किती वावरांत आहे हे आपण सगळे जाणतो, आणि तणनाशकाच्या नोंदीवरून ती ओळखता येते. तिसरं, मक्त्यानं केलेली शेती. सातबारा एकाच्या नावावर, कसतो दुसरा, दोघांनाही ते कागदावर यायला नको असतं. चौथं, उत्पन्न. पीकविम्याला एक आकडा सांगितलेला असतो, बँकेला दुसरा, पाहुण्याला तिसरा. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण या चार गोष्टींना धक्का लागेल अशी शंका आली की माणूस ॲपमध्ये खोटं भरतो, आणि मग तुमचा आकडाही खोटा निघतो. म्हणून गुप्तता राखली तरच खरा आकडा हाती येतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही पहिल्या हंगामात मोठ्या शहाणपणानं नावं काढून टाकली आणि फक्त गाव, एकर आणि साठा असा तक्ता खरेदीदारांसाठी खुला ठेवला. वाटलं, नाव नाही म्हणजे ओळख नाही. त्या गावात अठरा एकर कपाशी असलेला माणूस एकच होता. आठवड्यात एक खेडा खरेदीवाला त्याच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, चाळीस क्विंटल खोलीत भरून हाय, मंग कायले दम धरून राह्यले?" त्या माणसानं मला फोन केला तेव्हा तो ओरडला नाही. फक्त विचारलं, "साहेब, हे त्याले कोणं सांगतलं?" माझ्याकडं उत्तर होतं, ते द्यायची लाज वाटली. तो पुढल्या वर्षी प्रकल्पात आला नाही, आणि त्याच्यासोबत आणखी नऊ जण गेले.

तेव्हापासून माझा नियम: पंचवीसपेक्षा कमी लोकांच्या गटाचा कोणताही आकडा बाहेर जाणार नाही, आणि घरातला साठा तर नोंदवायचाच नाही. तुमच्या प्रस्तावात साठ्याचा रकाना आहे. उत्सर्जन मोजायला त्याचा काडीचा उपयोग नाही. तो कुणाच्या सोयीसाठी घातलाय, हे विचारा.

आता ब्लॉकचेन लागते का? खरेदीदार एक, जिनिंग तुमची आणि तपासणारा दोघांच्या पसंतीचा असेल तर नाही लागत. चांगली वही, छापील क्रमांकाच्या पावत्या आणि वर्षाला एक तपासणी पुरते. मी दोन गटांना हेच सांगितलं आणि त्यांचं आजही वहीवर सुरळीत चाललंय. ब्लॉकचेन म्हणजे शेवटी एक वही, जिच्या प्रती बऱ्याच जणांकडे असतात, जिच्यात मागची ओळ खोडता येत नाही, आणि जी कुणा एकाच्या कपाटात नसते. एकमेकांवर भरवसा नसलेले चार-पाच पक्ष असतील तिथंच तिला अर्थ येतो.

आणि आपल्या धंद्यात तो भरवसा नाही हेही खरं. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकानं भारतातून सुमारे २०,००० टन बनावट सेंद्रिय कापूस उघड केला होता. प्रमाणपत्रं होती, पण बनावट. माझ्या कामात मी हे लहान प्रमाणात पाहिलंय: एकाच गटाच्या कापसाचा 'कमी उत्सर्जन' दाखला दोन गिरण्यांना विकलेला. दोन्ही कागद खरे, सह्या खऱ्या, माल एकच. कागदाच्या दुनियेत हे पकडायला दोन गिरण्यांनी एकमेकींना आपापले पुरवठादार दाखवावे लागतात, आणि ते त्या मेल्या तरी करणार नाहीत. सामाईक वही असेल तर दाखला एकदा खर्ची पडला की दुसऱ्यांदा खर्ची पडत नाही, आणि खरेदीदार कोण ते उघड करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट तिला जमते ती बेरीज-वजाबाकी. फाटकावर १०० क्विंटल कापूस आला तर ३४ टक्क्यांनी ३४ क्विंटल रुई, म्हणजे २० गाठी. कुणी ३० गाठींचा दाखला मागितला तर वही नाही म्हणेल. भारतीय कापूस महामंडळाच्या गाठींवर आता क्यूआर कोड असतो, कस्तुरी कॉटन या भारतीय कापसाच्या ब्रँडचा मागही ब्लॉकचेनवर ठेवतात, त्यामुळं गाठीपासून पुढचा रस्ता बऱ्यापैकी बांधला गेलाय. कच्चा रस्ता आहे तो वावर ते जिनिंग.

वही कुणाच्या ताब्यात, हाही प्रश्न मोठा. मर्स्क आणि आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांनी जहाज वाहतुकीसाठी 'ट्रेडलेन्स' नावाची ब्लॉकचेन उभी केली होती. २०२२ च्या शेवटी त्यांनी ती बंद करत असल्याचं सांगितलं, कारण सगळा धंदा एकत्र येऊन साथ देईल असं घडलंच नाही. माझा अंदाज असा की आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात आपली चोपडी ठेवायला कुणाला आवडत नाही. तुमच्याकडे आलेली कंपनी वही एकटीच चालवणार असेल तर तिला ब्लॉकचेन म्हणणं म्हणजे घरच्या विहिरीला धरण म्हणणं. एक प्रत तुमच्याकडे, एक जिनिंगकडे, एक तपासणाऱ्याकडे हवी.

आता मुख्य कोडं: खोडता न येणारी, सगळ्यांना दिसणारी वही, आणि तिच्यात गुपित. हे कसं?

तुम्ही बैलबाजार पाहिलाय ना. दोन माणसं हात दुपट्ट्याखाली घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतीच्या शंभर जणांना दिसतं की सौदा झाला, कुणाकुणात झाला, कधी झाला. किती हजारांना झाला ते फक्त त्या दोघांना. आपल्याला नेमकं हेच हवंय. वहीवर सौदा झाल्याची खूण, आकडा दुपट्ट्याखाली.

संगणकात हे असं होतं. सभासदाची नोंद, म्हणजे पोती, डिझेल, एकर, तुमच्या कार्यालयातच राहते. तिच्यावरून एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. नोंदीत एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून उलट नोंद काढता येत नाही. वहीवर फक्त ठसा जातो. पुढं वाद झाला तर मूळ नोंद काढायची, पुन्हा ठसा काढायचा, जुळला म्हणजे नोंद त्या तारखेची आणि तशीच आहे.

'उलट काढता येत नाही' यातही एक मेख आहे आणि तिथं आमचे हात पोळलेत. आम्ही ओळखीसाठी मोबाइल नंबरचा ठसा वहीवर टाकला होता. वर्ध्याच्या एका कॉलेजातला पोरगा म्हणाला, "काका, आपले मोबाइल नंबर सहा ते नवापासून सुरू होतात, म्हणजे शक्यता फक्त चारशे कोटी. सगळ्यांचे ठसे काढून जुळवतो." आणि चहा संपायच्या आत त्यानं माझा नंबर वाचून दाखवला. पोत्यांचं तर विचारूच नका, शून्य ते वीस, एकवीस ठसे काढले की झालं. उपाय सोपा आहे: ठसा काढण्याआधी प्रत्येक नोंदीत एक लांबलचक, कुणालाच अंदाज न येणारा आकडा मिसळायचा. त्याला 'सॉल्ट', मीठ म्हणतात. मीठ तुमच्या तिजोरीत. कंपनीच्या माणसाला फक्त एवढंच विचारा, "मीठ कुठं ठेवता?" तो हसला किंवा गोंधळला तर समजून जा.

या मिठाचा आणखी एक फायदा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती खोडून मागायचा हक्क आहे, आणि ब्लॉकचेनवरून तर काही खोडता येत नाही. माहिती कार्यालयात असेल आणि वहीवर फक्त मीठ घातलेला ठसा असेल, तर नोंद आणि मीठ नष्ट केलं की वहीवर उरतो तो कशाशीच न जुळणारा आकडा. सभासद बाहेर पडला तर पडला.

३१२ ठसे वेगवेगळे टाकायचीही गरज नाही. दोन-दोन ठशांचा मिळून एक, त्या दोघांचा मिळून एक, असं करत करत वर एकच उरतो. राल्फ मर्कल यांची १९७९ ची ही कल्पना. आठवड्याला तो एकच ठसा वहीवर. कुणालाही नंतर 'माझी नोंद त्यात होती' हे दाखवता येतं, बाकीच्या ३११ जणांची पानं न उघडता.

पुढची पायरी म्हणजे काही न दाखवता सिद्ध करणं. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये दाखवलं की 'माझ्याकडं याचं उत्तर आहे' हे उत्तर न सांगता पटवून देता येतं. शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात त्याला. आपल्या कामात तो असा वापरायचा: 'या गटातल्या लोकांचं गाठीमागचं सरासरी उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेच्या खाली आहे' एवढं ब्रँडला सिद्ध होतं, कुणाचं किती ते ना ब्रँडला कळतं ना जिनिंगला. हे आता प्रयोगशाळेतलं राहिलेलं नाही, तयार साधनं मिळतात. तरी पहिल्या हंगामात मी तुम्हाला ते करा म्हणणार नाही. मीठ, ठसा आणि गटाची बेरीज एवढ्यात नव्वद टक्के काम होतं, आणि तुमच्या हिशेबनिसाला ते समजावून सांगता येतं. ज्याला आपलाच माणूस समजावू शकत नाही ते सभेत चालत नाही.

इथवर जे सांगितलं ते माहिती झाकण्याचं. ती खरी आहे का, याबद्दल ब्लॉकचेनला काहीही कळत नाही. तिच्यावर लबाडी टाकली तर लबाडी कायमची जपून ठेवते, एवढंच.

त्याला माझ्या पाहण्यातला एकच इलाज टिकलाय. आधी सगळ्यांच्या नोंदी बंद करून ठसा वहीवर टाकायचा. नंतर सोडत काढायची. सरपंच आरक्षणाची काढतात तशीच, सगळ्यांसमोर, शाळेतल्या पोराच्या हातानं चिठ्ठ्या. ३१२ पैकी वीस नावं. त्या वीस जणांचीच पानं तपासनीस उघडतो, वावरात जातो, कृषी केंद्राच्या मशीनवरची खताची पावती पाहतो, शेजाऱ्याशी बोलतो. समजा तीस जणांनी खोटं भरलं असेल, तर वीसच्या सोडतीत त्यातला एक तरी सापडण्याची शक्यता शंभरात ८७-८८. आणि एक सापडला की त्याच्या पंचवीसच्या गटाचं बक्षीस कमी, हे आधीच ठरलेलं. ठसा आधी पडल्यामुळं सोडतीनंतर कुणाला पान बदलता येत नाही. माझ्या मते ब्लॉकचेनचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. बाकी २९२ जणांचं पान कुणीच उघडत नाही.

गटाला शिक्षा म्हटल्यावर कुरकूर होते. पण गट कास्तकारांनाच निवडू द्या. कोण कुणासोबत बसतं यावरून तुम्हाला कोण खरं लिहितं ते आपोआप कळेल.

खताची पावतीही डोळे झाकून धरू नका. एकाच्या नावावर तीन घरांची पोती उचललेली असतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळली का हे उपग्रहावरून दिसतं असं कंपनी सांगेल. उन्हाळ्यात आकाश मोकळं असताना काही अंशी दिसतंही. पण आपल्याकडं बरीच पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचतात आणि चुलीत जाते, ते कुठल्या उपग्रहाला दिसणार?

राहिलं बक्षीस. इथं मला कंपनीचा प्रस्ताव सगळ्यात कच्चा वाटला.

पहिलं, 'मागच्यापेक्षा किती कमी केलं' यावर बक्षीस ठेवलं तर ज्यानं आधीपासूनच कमी खत टाकलं तो कोरडा राहतो आणि ज्यानं पाच पोती ओतली तो तीनवर येऊन पैसे घेऊन जातो. आणि कमी टाकणारा बहुतेक वेळा गरीबच असतो. दुसरं, 'क्विंटलमागे किती' यावर ठेवलं तर पाऊस दगा देतो त्या वर्षी कापूस निम्मा होतो, खत तेवढंच पडलेलं असतं, आणि आकडा दुप्पट. निसर्गानं मारलं, वर बक्षीसही गेलं. बोंडअळीच्या वर्षीही तेच. म्हणून मी मिश्र ठेवतो. बक्षिसाचा मोठा भाग कृतीला, म्हणजे माती तपासून खत देणं, युरिया एकदम न फेकता वाटून देणं, पऱ्हाटी बारीक करून जमिनीत घालणं. उरलेला भाग गटाच्या तीन वर्षांच्या सरासरीला. शास्त्रशुद्धतेच्या नावानं कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

तिसरं, टोकन नको, रुपये हवेत. २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, हस्तांतरावर एक टक्का कपात वेगळी. तुमचं टोकन त्या व्याख्येत येतं का हे सनदी लेखापालाला विचारा, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून हेही असेल असं धरून चालू नका. शिवाय टोकनचा भाव कोण ठरवणार? चुकारा बँक खात्यात पडला पाहिजे. आणि खातं कुणाचं हेही ठरवा. निंदण-वेचण बाईचं आणि पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला, असं होऊ नये. मक्त्यानं करणाऱ्याला पैसे मिळायचे असतील तर सभासदत्व कसणाऱ्याचं धरा, सातबारा मागूच नका. त्यानं तिसरं गुपितही वाचतं.

रक्कम किती, हेही सभेत खरं सांगा. समजा वाचलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनाला हजार रुपये भाव मिळाला. एक युरियाचं पोतं वाचलं तर १२२ किलो, म्हणजे १२२ रुपये. पोतं स्वतः २६६ रुपये ५० पैशांना येतं. म्हणजे कास्तकाराची खरी बचत पोतं न घेण्यातच आहे, बक्षीस वरचं मीठ. कुणी 'कार्बनमधून कर्ज फिटेल' असं सांगत असेल तर त्याला चहा पाजून गाडीत बसवून द्या. म्हणून तपासणीचा आणि सॉफ्टवेअरचा खर्च ब्रँडनं वेगळा द्यावा, सभासदांच्या वाट्यातून कापू नये. आणि कार्बनचा भाव धरून बसण्यापेक्षा रुईच्या किलोमागे ठरावीक जास्तीचा भाव मागा. तो समजतो, मोजता येतो, बाजार पडला तरी करारात राहतो.

तुमच्या प्रस्तावावर मी चार दुरुस्त्या लिहून परत पाठवल्या असत्या. साठ्याचा रकाना काढा. वावराचा नकाशा तुमच्या कार्यालयात राहील, बाहेर फक्त गटाचं क्षेत्र. नोंदी आणि मीठ आमच्या ताब्यात, वहीची एक प्रतही आमच्याकडे. टोकनऐवजी रुपये, गुणक पहिल्या पानावर. कंपनी खरी असेल तर यातल्या तीन गोष्टी सहज मान्य करेल आणि चौथ्यावर घासाघीस करेल. पहिल्याच गोष्टीवर अडली तर तिला कार्बनपेक्षा तुमच्या कापसाच्या साठ्यात जास्त रस आहे.

विजेचं उत्तर राहिलं. बिटकॉइन प्रचंड वीज खातं हे खरं, कारण तिथं नोंद पक्की करायला जगभरची यंत्रं आकडेमोडीची शर्यत लावतात. सगळ्या ब्लॉकचेन तशा नाहीत. इथेरियम नावाच्या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेननं सप्टेंबर २०२२ मध्ये ती शर्यत सोडली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. चार-पाच ओळखीच्या पक्षांमध्ये चालणाऱ्या वहीला तर शर्यत लागतच नाही. आठवड्याला एक ठसा टाकायला कार्यालयातल्या पंख्याएवढीही वीज जात नाही.

आणि तुम्ही शेवटी सहज विचारलंत तसं, सगळ्यांनी स्मार्टफोन घ्यायची गरज नाही. आमच्याकडे अजूनही छापील कार्ड चालतं. डवरणीच्या दिवसांत बचत गटातली एक ताई घरोघर जाऊन भरते, अंगठा घेते, शनिवारी कार्यालयात चढवते. रेंज नसली तरी अडत नाही. त्या म्हाताऱ्या सभासदाला पुढच्या सभेत ते कार्ड हातात द्या आणि सांगा, यातल्या कोणत्या ओळी बाहेर गेलेल्या चालणार नाहीत त्यावर पेननं काट मारा. त्यांनी काट मारलेलं कार्ड कंपनीला जशास तसं दाखवा, बोलणी तिथून सुरू करा.